वैध चाळीस, गहाळ एक

लॅबमध्ये संगणक अकरा, चालू नऊ,
त्यातल्या दाराजवळच्याला माउस नाही.
तिथे मल्लिनाथ हत्तुरे बसतो, कीबोर्डवरच सगळं भागवतो.
एप्रिल आहे. पंखा गरम हवा इकडची तिकडे करतो.

मी सांगते : आधी रकान्याला नाव द्या,
नावात मोकळी जागा चालत नाही.
आकडा नुसता आकडा टाका, पुढे ‘विड्या’ लिहू नका,
लिहिलंत तर सॉफ्टवेअर त्याला शब्द समजतं,
आणि शब्दांची सरासरी निघत नाही.

डेटा आमचाच. रविवारी पोरं विडी घरकुलात हिंडली,
एकेचाळीस बाया, एकच प्रश्न :
काल किती वळल्या?
उत्तरं मराठीत, तेलुगूत, काही नुसती मान हलवून,
कारण हात सुपात होते.

माउस मेनूवर न्या, वर्णनात्मक निवडा, चौकोनांत खुणा करा.
मध्य : सातशे शहाऐंशी.
मध्यक : आठशे.
बहुलक : हजार.
‘हजार कुणाची तरी रोजची असतेच मॅडम,’ मागून कुणीतरी म्हणालं.
किमान : शून्य.

शून्यापाशी माझं बोट थांबलं. ओळ तेवीस. ही कुणी भरली?
पद्मजा येमूल उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत.
‘आमच्या आईची ओळ आहे.
ती महिनाभर वळत नाही. खोकला.’

मग शून्य बरोबर की चूक?
मी म्हटलं, पुसून बघ. चौकोन रिकामा ठेव.
तिने पुसलं.
मध्य चढला, आठशे पाच पॉइंट पासष्ट.
(‘पॉइंट पासष्ट विडी म्हणजे अर्धी ओढलेली का?’ मल्लिनाथ.)
मध्यक हलला नाही, आठशेवर बसून राहिला
उन्हात कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
आणि तक्त्यात वर एक नवी ओळ आली :
वैध चाळीस, गहाळ एक.

‘गहाळ नाही ती,’ पद्मजा म्हणाली.
‘घरी आहे.’

अशा वेळी पुस्तकात एक उपाय आहे, तो मी फळ्यावर लिहिला :
कारणासाठी एक खूण ठरवा,
जो आकडा खरा असूच शकत नाही असा. नऊ नऊ नऊ नऊ.
पण ही खूण आहे, मोजायची नाही,
हे सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं.
तेच सांगायचं मी विसरले.
बटण दाबलं, मध्य एक हजार तीस,
कमाल नऊ हजार नऊशे नव्याण्णव,
एका आजारी बाईने अख्ख्या गल्लीचा हिशेब
आपल्या खांद्यावर उचलून वर नेला.
प्रमाण विचलन तर विचारूच नका.
पोरं हसली. पद्मजा सगळ्यांत जास्त हसली,
डोळे पुसून म्हणाली,
‘कारखान्यातल्या बाबूला दाखवते हे.’

मग नीट केलं. खूण सांगितली, टीप लिहिली :
एक कामगार आजारी, मोजणीत नाही, यादीत आहे.
फाईल सेव्ह करा, म्हणेपर्यंत वीज गेली.
तिघांचं काम गेलं, दोघं म्हणाले आमचं आहे,
त्यातल्या एकाचंच होतं.

सोमवारी पद्मजा छापील कागद घेऊन आली,
कोपऱ्याला तंबाखूची पूड.
आईला वाचून दाखवलं म्हणाली, तेलुगूत, रकान्यासकट.
आईने सगळं ऐकलं, खोकून घेतलं,
आणि एवढंच विचारलं :
छाटलेल्या कुठे आहेत?

बाई हजार वळते, बाबू चाळणी लावतो,
वाकडी, सैल, तोंड उघडं म्हणून शंभरेक बाजूला काढतो,
त्यांचे पैसे नाहीत.
आमचे एकेचाळीस आकडे वळलेल्यांचे की घेतलेल्यांचे?

मी वर्गाकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं.
बायांनी आपापल्या परीने सांगितलं होतं,
आणि आम्ही दोन दशांशांपर्यंत सरासरी काढली होती.

फळा पुसला.
रकान्यावर उजवं बटण दाबा, म्हटलं,
नवा रकाना घाला.
नाव काय देऊ, मॅडम?
छाट.
चालेल. मोकळी जागा नाही त्यात.